‘रिडंडंट’ला मराठीत काय म्हणावे? (राउटरमधील दुसरे नियंत्रक कार्ड)

धंतोलीकर
नागपूरच्या एका तंत्रनिकेतनासाठी तयार झालेली मोठ्या राउटरांविषयीची (नेटवर्कमधली माहिती योग्य मार्गाने पुढे पाठवणाऱ्या यंत्रांविषयीची) मराठी पुस्तिका माझ्याकडे तपासायला आली आहे. तीत ‘रिडंडंट रूट प्रोसेसर’साठी, म्हणजे मार्ग ठरवणाऱ्या दुसऱ्या नियंत्रक कार्डासाठी, ‘अनावश्यक मार्गप्रक्रियक’ असे शब्द आहेत. शब्दकोशात हा अर्थ मिळतो हे खरे. परंतु सिस्को कंपनीच्या जुन्या ७५०० मालिकेसारख्या राउटरमध्ये दुसरे कार्ड मुद्दाम, भरपूर पैसे मोजून बसवतात, कारण पहिले बंद पडताच सगळा कारभार त्याला सांभाळायचा असतो. त्यालाच अनावश्यक म्हटले तर विद्यार्थ्याच्या मनात उलटा अर्थ बसेल. ‘अतिरिक्त’ चालेल का?

महालवासी
कृपया ‘अतिरिक्त’ नको. आपल्याकडे ज्यांचे पद उरत नाही आणि जे समायोजनाची वाट पाहतात, त्यांना ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हणतात. माझे थोरले बंधू त्यातून गेले आहेत, त्यामुळे या शब्दात उपयुक्ततेची छटा मला कधीच ऐकू येत नाही. ‘राखीव’ हा सरळ आणि सर्वांना कळणारा शब्द आहे.

रामदासपेठ
भावना समजते, पण व्युत्पत्ती ‘अतिरिक्त’च्याच बाजूने आहे. लॅटिन ‘रेदुन्दारे’मध्ये ‘उन्दा’ म्हणजे लाट आहे. काठोकाठ भरून बाहेर वाहणे हा मूळ अर्थ. संस्कृत ‘अति’ आणि ‘रिच्’ यांतूनही उरणे, ओलांडून जाणे हाच भाव येतो. एका खात्याच्या परिपत्रकाने शब्द विटला म्हणून तो शास्त्राने का सोडावा?

इतवारीचा
माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार होते. कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राहायचा. १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीने या शहराला हा शब्द शिकवला, तेव्हा ‘बदली कार्ड’ म्हणा; संस्कृत धातूंपर्यंत जाण्याची गरज नाही.

धंतोलीकर
‘बदली’ मला आवडला, तरी तो अर्धाच लागू पडतो. सिस्कोच्या जुन्या आरपीआर (रूट प्रोसेसर रिडंडन्सी) पद्धतीत दुसरे कार्ड अर्धवट सुरू होऊन थांबलेले असते. ताबा घेताना ते उरलेली तयारी करते आणि लाइन कार्डेही (ज्यांना बाहेरच्या तारा जोडतात ती) नव्याने सुरू करावी लागतात. तिथे ‘बदली’ चपखल आहे. तिच्या सुधारित आवृत्तीत, आरपीआर प्लसमध्ये, लाइन कार्डे पुन्हा सुरू करावी लागत नाहीत. एसएसओमध्ये (स्टेटफुल स्विचओव्हर) तर पहिल्या कार्डाची स्थिती दुसऱ्याकडे सतत पोहोचत असते, आणि एनएसएफची (नॉनस्टॉप फॉरवर्डिंग) जोड असेल तर मार्गांची माहिती शेजारच्या राउटरांकडून पुन्हा गोळा होईपर्यंत लाइन कार्डे आधीच्या नोंदींवर पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पुढे पाठवत राहतात. अशा कार्डाला ‘राखीव’ म्हटले की ते कपाटात ठेवल्यासारखे वाटते. ‘सज्ज जोडीदार’ कसे वाटते?

महालवासी
‘जोडीदार’ म्हटले की दोघे बरोबरीने काम करतात असे वाटेल. इथे तर एक सक्रिय आणि एक तयारीत असतो.

रामदासपेठ
शिवाय ‘सज्ज’ हा ‘स्टँडबाय’चा (तयारीत थांबलेला) अनुवाद झाला, ‘रिडंडंट’चा नव्हे. या दोन संकल्पना वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत.

हिंगणा रोड
मी हीच यंत्रे सांभाळतो. आमच्या खोलीत सगळे ‘रिडंडंट’ आणि ‘स्टँडबाय’ असेच बोलतात. विद्यार्थ्यालाही उद्या यंत्राच्या पडद्यावर हेच शब्द दिसणार आहेत, म्हणून पुस्तिकेत ते देवनागरीत ठेवून खाली एक स्वच्छ व्याख्या द्यावी. पण रामदासपेठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मोठ्या राउटरमधले दोन वीजपुरवठे बहुधा एकाच वेळी भार वाटून घेतात आणि एक गेला तर दुसरा सगळा भार उचलतो. तिथे राखीव कोणता आणि बदली कोणता? रिडंडंट असणे हा एका भागाचा गुण नसून संपूर्ण रचनेचा आहे.

इतवारीचा
मग विशेषण शोधण्याऐवजी रचनेलाच नाव द्या. ‘दुहेरी व्यवस्था’?

हिंगणा रोड
वीजपुरवठ्याला चालेल. पण स्विच फॅब्रिकची, म्हणजे लाइन कार्डांमध्ये आपसात माहिती पोहोचवणारी, कार्डे गरजेपेक्षा एकच जास्त ठेवलेली असतात, चाराला पाचवे अशा हिशेबाने. त्यांना दुहेरी कसे म्हणायचे?

रामदासपेठ
म्हणूनच ‘अतिरिक्त’.