चार वर्षांचा जवान पलटणीला पुरतो का?

कळवेकर:
आमच्याकडे खाडीजवळ पहाटे पोरं भरतीची तयारी करतात. दौड, बीमवरचे पुलअप, मग घरी जाऊन गणितं. परवा एकाचे वडील विचारत होते, "चार वर्षांनी परत आला की पुढे काय?" पोरगा शेजारीच बुटाची नाडी आवळत होता, मान वर केली नाही.

अग्निपथ म्हणजे जून 2022 ला जाहीर झालेली योजना: साडेसतरा ते 21 वयात भरती, चार वर्षं नोकरी, मग चारातला जास्तीत जास्त एक कायम. पोराचं काय व्हायचं ते होईल, मला काळजी सैन्याची आहे. 48 महिन्यांतले सहाएक प्रशिक्षणात. वर्षाला 30 दिवस रजा, म्हणजे आणखी चार. पलटणीच्या हाती उरले जेमतेम 38.

ऐरोलीचा सीए:
आकडेच काढताय तर पुरते काढा. 2025-26 च्या बजेटात संरक्षणाला 6.81 लाख कोटी. त्यात नव्या विमानं-जहाजं-तोफांसाठी 1.80 लाख कोटी आणि पेन्शनला 1.60. असंच चाललं तर शस्त्रं कशाने घेणार? चार वर्षांनी परतणाऱ्याला पेन्शन द्यावी लागत नाही. शिवाय जवानांचं सरासरी वय 32 वरून 26 वर आणायचंय. सियाचीनला पस्तिशीचा माणूस धाडायचा की बाविशीचा?

निवृत्त हवालदार, घणसोली:
सीएसाहेब, दोघंही लागतात. सेक्शन म्हणजे दहा माणसं, त्यांचा म्होरक्या हवालदार. बर्फाखाली भेग कुठे असेल, थंडीत रेडिओची बॅटरी अंगाशी कशी जपायची, नवं पोरगं दोन दिवस जेवत का नाही, हे सगळं त्याला बघावं लागतं. हे शिकायला दहा-बारा वर्षं जातात. आता तो हवालदार त्या चारातल्या एकातूनच यायचा. चाळणी लागेल, ठीक आहे. पण चौथ्या वर्षी एकाच बंकरमधली चार पोरं एकाच जागेवर डोळा ठेवून बसणार, त्याचं काय?

अंबरनाथकर:
मी ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. त्या 1.60 लाख कोटींत आमच्यासारख्या सिव्हिलियनांची पेन्शनही धरलेली असते, सगळं बिल जवानाच्या नावावर फाडू नका. दुसरं, 2022 ला जुन्या पद्धतीने लागलेला जवान पेन्शनला पात्र व्हायला 15 वर्षं लागली असती. म्हणजे पेन्शनमधली बचत 2037 च्या आधी दिसणारच नाही. तोफा तर तुम्हाला आज हव्यात!

ऐरोलीचा सीए:
म्हणून 2037 ला सुरुवात करायची होती का? आणि पोराला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. चार वर्षांनी एकरकमी सेवा निधी 11.71 लाख, करमुक्त. बाविशीत ऐरोलीतल्या किती पोरांच्या खात्यात एवढे असतात ते सांगा.

कळवेकर:
अहो, त्यातला निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला! पहिल्या वर्षी 30 हजारांतले हातात 21. वर माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे लष्करी कँटीनचा स्वस्त मालही नाही.

निवृत्त हवालदार, घणसोली:
कँटीन राहू द्या हो. 25 टक्क्यांचे 50 करा, मुदत सात वर्षं करा, मग माझी तक्रार बरीच कमी होईल. सीएसाहेब, त्याने तुमचा हिशोब किती बिघडतो तेवढं मांडून दाखवा. आणि कळवेकर, पोरांना नुसतं पळवू नका. 2023 पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. दौडीत पहिली येणारी पोरं त्या परीक्षेतच गळतात.