मुंबईत मुलांसाठी घर: चौरस फूट बघायचे की पायी अंतर?

मांडवीकर (रत्नागिरी)

जूनपासून माझी बदली मुंबईत, परळला. घरात आम्ही पाच जण: मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आई. गेल्या पंधरवड्यात मुलीला बरोबर घेऊन दोन दिवस घरं पाहिली. माझं मत बनलंय, पण घरी आणि सासुरवाडीला सगळेच विरोधात आहेत, म्हणून इथे मांडतो.

लहान मुलं असतील तर मुंबईत घर लहान चालेल, पण मैदान, शाळा आणि बापाचं ऑफिस जवळ हवं. दादर पश्चिमेला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर साडेतीनशे फुटांची जागा मिळतेय. त्याहून कमी भाड्यात पनवेलच्या पुढे साडेसहाशे फुटांचा नवा फ्लॅट आहे, तरणतलावासकट. सगळे म्हणतात तो घे.

त्या संकुलात आम्ही संध्याकाळी सहाला गेलो. हिरवळ छान राखलेली आणि कडेला पाटी: चेंडू खेळू नये, सायकल चालवू नये. घसरगुंडीपाशी पाच-सहा मुलं, प्रत्येकाच्या मागे एक मोठं माणूस. मुलीने विचारलं, "बाबा, इथे पळायचं कुठे?" दुसऱ्या दिवशी त्याच वेळी शिवाजी पार्कात होतो. दादरच्या घराच्या दारापासून मैदानापर्यंत मोठा रस्ता एकच ओलांडावा लागतो, तिनेच मोजलं. समर्थ व्यायाम मंदिरात तिच्याएवढी एक मुलगी दोरीच्या मल्लखांबावर चढली, पायाच्या अंगठ्यात दोरी धरली आणि दोन्ही हात सोडले. माझी मुलगी तिथून हलेना. पलीकडे क्रिकेटची जाळी, कट्ट्यावर म्हातारी माणसं गप्पा मारत बसलेली. हे मैदान १९२५ साली लोकांना खुलं झालं, म्हणजे शंभर वर्षं तिथे पोरं खेळताहेत. तरणतलाव याची जागा घेऊ शकत नाही. चुकतोय का मी?

खारघरवासी

चुकताय, कारण मधलं काही पाहिलंच नाहीत. एकदम पनवेलच्या पुढे गेलात आणि नवी मुंबई नापास केलीत. सिडकोने (स्थापना १९७०) हे शहर आखतानाच सेक्टरनिहाय शाळा, मैदान, बाजार यांच्या जागा राखल्या. आमच्या सेक्टरमधून मुलगा शाळेत चालत जातो, मोठा रस्ता एकही नाही. सेंट्रल पार्कात रविवारी सकाळी माणसं असली तरी गर्दी वाटत नाही. थंडी सरताना सीवूड्सच्या पाणथळीवर फ्लेमिंगो येतात, भरतीला बरेच जवळून दिसतात. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आपल्याच गोवा महामार्गावर. पावसात पांडवकड्याच्या धबधब्याकडे मात्र मुलांना नेऊ नका, तिथे माणसं दगावली आहेत.

आणि गावी जायचं म्हणाल तर कोकणच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. गणपतीत सामान आणि दोन पोरं घेऊन दादरच्या जिन्यांवरून जाऊन बघा एकदा.

तीन_नंबर_फलाट

खारघर ते परळ म्हणजे हार्बरने कुर्ला, पूल चढायचा, मग मेन लाइनची धीमी. दारातून दारात दीड तास धरा. मी ते सहा वर्षं केलं. सकाळी निघताना मुलगा झोपलेला, रात्री परत येताना झोपलेला. साडेसहाशे फूट घरात मी फक्त झोपायला होतो. मांडवीकरांशी शंभर टक्के सहमत.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मैदानाचं बोललात, पाण्याचं कोणीच बोललं नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यामुळे मी घर बघायला गेले की आधी हेच बघते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तुमचं घर पश्चिमेला असलं तरी ऑफिस परळला आहे, आणि दादर-परळच्या मधला हिंदमाता चौक पाणी भरण्यासाठीच ओळखला जातो. तिथे पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या हे खरं, तरी मुलाला ज्या रस्त्याने शाळेतून आणणार तो रस्ता आधी विचारा.

इमारतीत शिरलात की विजेच्या मीटरची पेटी बघा. ती मुद्दाम वर उचलून लावलेली असली, खाली जुन्या पेटीच्या खिळ्यांची भोकं दिसत असली, तर पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. एजंट सांगत नाही. समोरचा इस्त्रीवाला सांगतो.

देवरुखकर

मुळात सगळ्यांनी जायचंच कशाला? मुलीची शाळा रत्नागिरीत बसलेली आहे. भाट्याचा किनारा, रत्नदुर्ग, मांडवीची जेटी, थिबा राजवाडा, मत्स्यालय, एवढं सगळं रिक्षाच्या अंतरावर असलेल्या मुलांना तुम्ही साडेतीनशे फुटांत नेऊन 'आऊटिंग'ला तिकीट काढणार? तुम्ही एकटे जा, एखादी खोली बघा, शनिवारी रात्री गाडीने या. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.

संगमेश्वरची

पिढ्यान् पिढ्या चाललंय म्हणूनच लिहिते. माझे वडील लालबागला गिरणीत होते. राहायला गावकऱ्यांची खोली, एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. आम्हाला ते गणपतीत आणि शिमग्याला दिसायचे. दर वेळी माझ्यासाठी फ्रॉक आणायचे आणि तो दर वेळी आखूड व्हायचा, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे मी मागच्या शिमग्याएवढीच असायची. आई खालची शिवण उसवून तो वाढवायची. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे घरी आले तेव्हा मी आठ वर्षांची होते. पडवीत बसलेल्या त्या माणसाशी काय बोलायचं ते मला कळायचं नाही.

देवरुखकर, समुद्र कुठे जात नाही, सुट्टीत आहेच. मांडवीकर, दादर घ्या नाहीतर खारघर, पण पाचही जण एकत्र जा.

कणकवलीचो

आमी दिव्यात रवतंव. सावंतवाडीची गाडी हयसूनच सुटता. मे म्हयन्यात पोरां गावाक, आंबे-फणस, व्हाळात पवणां. मैदान नाय म्हणान कोणाचा पोर अडला नाय. भाडा वाचवा, ता मुलांच्या शिक्षणाक होयत.

पार्ल्याची आई

घराचं भांडण चालू द्या, मी बाहेर नेण्याबद्दल लिहिते, कारण तिथे अंतराचा मुद्दा खरा ठरतो. चार वर्षांचं मूल आणि म्हातारी आई एकत्र असतील तर मी तीनच गोष्टी बघते: सावली, बसायला जागा, स्वच्छतागृह. यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पहिलं, मुलांचा वेगळा विभागही आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मोठीला अख्खा दिवस पुरत नाही. राणीबागेत पेंग्विन आहेत, पण बुधवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, घारापुरीही सोमवारी बंद. कान्हेरी मुलीला दाखवाच, शंभरावर लेणी एका डोंगरात, पण आजींना तिथे चढवू नका.

यातलं बरंचसं दादरहून अर्ध्या-पाऊण तासात होतं. खारघरहून रविवारी निघालात आणि हार्बरला मेगाब्लॉक असला, की सगळा बेत तिथेच संपतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं, पण गर्दीत तो तुमच्या कडेवरच असतो.

एक मात्र राहिलं. जुन्या इमारतीचा दुसरा मजला म्हणालात. लिफ्ट आहे का?

मांडवीकर (रत्नागिरी)

नाही. हे मी लिहिलं नव्हतं आणि तोच माझा कच्चा दुवा आहे. आईचे गुडघे दुखतात. मुलगी रोज खाली पळेल आणि आई वरच अडकेल, तर मैदान जवळ असून तिला काय उपयोग? कट्ट्यावरची म्हातारी माणसं बघून मी तिलाच तिथे बसलेली धरली होती.

संगमेश्वरच्या ताई, तुमचा फ्रॉक मी बायकोला वाचून दाखवला. एकट्याने जायचा विषय आमच्याकडे संपला.

अंतराबद्दल माझं मत तेच आहे. खारघरवासी, सेक्टरची आखणी पटली, पण दीड तास पटत नाही. तरी न बघता नापास केलं ही चूक मान्य. शुक्रवारच्या तुतारी एक्सप्रेसने आईला घेऊन निघतोय, पहाटे दादरला उतरू. जिना ती स्वतः चढून बघणार आहे, एकदा नाही, दोनदा. मीटरची पेटी मी बघतो. पार्ले पूर्वेला तळमजल्याची एक जागा कळली आहे, ती दुपारी. रविवारी संध्याकाळी खारघरला येतो. खारघरवासी, तुमचा सेक्टर निरोपात कळवा, मुलीला तुमच्या मैदानावर सोडून बघायचंय.