वकील शोधताना : नागपुरातले घटस्फोटाचे अनुभव

धागाकर्ती

"घटस्फोटासाठी नागपुरात चांगला वकील सांग ना" हा निरोप मला अधूनमधून येतच असतो, आणि बहुतेक वेळा रात्री अकरानंतर. माझं प्रकरण निकाली निघालंय हे ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लोक हक्काने विचारतात. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. एकीला ज्या वकिलांनी तारलं, त्यांच्याच नावाने दुसरी बोटं मोडते. म्हणून इथे वकिलाचं नाव नको, चांगलंही नको, वाईटही नको. तुम्ही काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं आणि पुढे तसं झालं का, एवढं लिहा. नवऱ्याची किंवा बायकोची उणीदुणी इथे काढू नका, त्यासाठी कोर्ट आहे.

सुरुवात मी करते. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सांगण्यात आलं, "ताई, ४९८-अ टाकून देऊ, आठ दिवसांत सरळ येतो." आमच्यात मारहाण नव्हती, हुंड्याची मागणी नव्हती. नव्हतं ते लिहून द्यायची माझी तयारी नव्हती. (बायकोच्या छळाचं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय, पण बोलताना सगळे जुनाच आकडा घेतात.) मी उठले.

ज्यांना वकीलपत्र दिलं, त्या बाईंनी आधी विचारलं: लग्न कुठे लागलं, दोघं शेवटचे एकत्र कुठे राहिलात, तुम्ही सध्या कुठे राहता? मला वाटलं, गप्पाच मारतायत. पण केस कुठल्या कोर्टात लागणार ते यावरूनच ठरतं. लग्न झालं ते गाव, दोघं शेवटचे एकत्र राहिले ते गाव, समोरचा राहतो ते गाव, आणि अर्ज बायकोचा असेल तर ती राहते ते गावही चालतं. लग्न अमरावतीला, संसार पुण्यात आणि मी माहेरी नागपूरला, तरी केस इथे दाखल करता आली. पुण्याच्या खेपा वाचल्या.

त्रिमूर्तीनगर

आमचा परस्पर संमतीने झाला. हिंदू विवाह कायद्याचं १३-ब. निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं आणि पुन्हा जाऊन सांगायचं की होय, आम्ही ठाम आहोत. लोक याला फर्स्ट मोशन, सेकंड मोशन म्हणतात. ते सहा महिने माफ होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय की ही अट ताणता येते. पण मागितलं की मिळालं असं नाही. वेगळं राहण्याचा काळ पुरेसा झालेला हवा, तडजोडीचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटलेला हवा, आणि शेवटी ते न्यायाधीशांवर आहे. "तीन महिन्यांत मोकळं करतो, गॅरंटी" म्हणणाऱ्यांकडे मी पुन्हा गेले नाही.

आम्ही त्या वर्षात काही काळ एकाच फ्लॅटमध्ये होतो, खोल्या वेगळ्या. ते धरतात का, हा माझा मोठा प्रश्न होता. धरतात. नवरा-बायको म्हणून एकत्र राहत नव्हतो, हे महत्त्वाचं. छप्पर एक असलं तरी चालतं.

आता खरं सांगायचं ते संमतीच्या अटींबद्दल. पहिल्या मसुद्यात एकच ओळ होती, "उभय पक्षांचे एकमेकांकडे काहीही घेणे उरलेले नाही." माझे दागिने तेव्हा सासूबाईंच्या लॉकरमध्ये. वकिलांनी ती ओळ लाल पेनाने खोडली आणि मला घरी पाठवलं यादी करायला. बांगड्या चार, पाटल्या दोन, मंगळसूत्र मोठं, तनमणी, मुलाच्या बारशातली चांदीची वाटी. वजनासकट. मग ती यादी अटींना जोडली, आणि "मिळाले" हा शब्द दागिने हातात पडल्यावरच घालायचा ठरलं. पैशांचंही तसंच. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं, म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने ठेवली. काही पहिल्या वेळी, उरलेली शेवटच्या दिवशी डीडीने, न्यायाधीशांसमोर.

बुटीबोरी शिफ्ट

ताई, माणसांचंही ऐका थोडं. बायको माहेरी गेली, तिकडून पोटगीचा अर्ज आला. मित्र सांगून राहिले, नोकरी सोड, पगार नाही तर पोटगी नाही. वकील हसले. म्हणे, कमावू शकणारा माणूस मुद्दाम घरी बसला तर कोर्टाले ते कळते, उलट तुझ्यावरचा विश्वास उडते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं आहे की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र भरायचं. दोघांनी हं, फक्त नवऱ्यानं नाही. लांबलचक फॉर्म आहे, बॅंकेचे स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, पीएफ, बाइकचा हप्ता, सारं. मी म्हटलं माझा फ्लॅटचा हप्ताच एवढा जाते, मग उरते काय? तर ते म्हणाले, हप्ता दाखव, पण तो वजा करून पोटगी ठरेल या भरवशावर राहू नको. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागते. म्हणजे तारखा लांबवून फायदा नाही, थकबाकी चढत जाते.

दुसरं. ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. केसची ओळख असलेला, सोळा अक्षरं-आकड्यांचा सीएनआर नंबर वकिलाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पुढची तारीख कोणती, आज काय झालं, मोबाइलवर दिसते. आधी मी दर वेळी सुटी टाकून फोन करत बसायचो, अन् ज्युनियर म्हणे "पाहून सांगतो भाऊ".

इंदोऱ्याचे काका

मुलीच्या वतीने लिहितो. जावई आणि चार वडीलधारी मंडळी बसली, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली, नोटरीचा शिक्का मारला, दोघांच्या सह्या घेतल्या. सगळ्यांना वाटलं, झालं. पुढे मुलीसाठी स्थळ आलं, पाहुण्यांपैकी एक जण कोर्टात कारकून. त्यांनी विचारलं, डिक्री कुठे आहे? डिक्री म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आम्ही बौद्ध. त्यामुळे हा कायदा आपल्याला लागू नाही असाही एक समज वस्तीत आहे. लागू आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागतो. एखाद्या समाजात रूढीने फारकत होत असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी जुनी आणि चालत आलेली आहे हे सिद्ध करावं लागतं. आमच्याकडे तसं काही नव्हतं. नोटरीचा कागद म्हणजे घटस्फोट नाही. त्या कागदावर दुसरं लग्न केलं असतं तर ते लग्नच रद्द ठरलं असतं, वर गुन्हा.

वकिलाचे पैसे नव्हते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. तिथे कळलं की महिलेला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ चा कायदा आहे. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणात महिलांना कोर्ट फीही माफ आहे. मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या, पण फाइल वाचून यायच्या. लग्नाची नोंदणी नव्हती, म्हणून पत्रिका, विहारातले फोटो आणि मंगलपरिणय लावणाऱ्या भन्तेजींचं शपथपत्र जोडलं. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती, ती कामी आली.

सध्या माहेरी

लग्नाला आठच महिने झालेत. आत्ता अर्ज करता येईल का? आणि वकील लावलाच पाहिजे का?

काळा कोट

मी वकिली करतो, म्हणून जपून लिहितो. लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज घेत नाहीत. अपवादात्मक त्रास असेल तर वेगळी परवानगी मागता येते, पण ती सहज मिळत नाही. पोटगी किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र आजही करता येतो, त्याला वर्षाची अट नाही. त्रास होत असेल तर थांबू नका, ताई.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कायदा तसाच आहे. कोर्टाच्या परवानगीने वकील उभा राहतो, आणि ती परवानगी बहुधा मिळते. स्वतःही केस चालवता येते. राजीखुशीचा मामला असेल तर जमतं. उलटतपास असेल तर माझ्या मते नको. समुपदेशकांसमोर मात्र तुम्हालाच बसायचं आणि बोलायचं आहे, आम्ही बाहेर.

फीबद्दल दोन शब्द. वकिलांना जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे नेटवर "नंबर एक" म्हणून झळकणारं नाव पाहून भुलू नका. आणि "पोटगी मिळेल त्यातले इतके टक्के माझे" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा, आमच्या आचारनियमांत ते बसत नाही. फी टप्प्यांनी ठरवा: अर्ज, अंतरिम पोटगी, पुरावा, युक्तिवाद. पावती मागा, मागायला लाजू नका. आणि मूळ कागद कुणालाच देऊ नका. आम्हाला झेरॉक्स पुरते, मूळ प्रत कोर्टाने मागितली की आणा.

मिहानची आई

मुलाच्या ताब्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण तो ठोकळेबाज नियम नाही. मुलाचं हित बघतात. माझा मुलगा नऊ वर्षांचा, न्यायाधीशांनी त्याला चेंबरमध्ये बोलावून शाळेबद्दल, क्रिकेटबद्दल विचारलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्यांनाही गणित आवडत नव्हतं." आदेशात भेटीचे वार, वेळ, दिवाळीचा अर्धा भाग, उन्हाळ्याची सुटी असं सगळं लिहून घ्या. "सोयीने भेटावे" असं लिहिलं की भांडण पुन्हा सुरू. आणि हा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर अर्ज करून बदलून घेता येतो.

त्रिमूर्तीनगर

एक राहिलं. निकाल लागला की त्याच आठवड्यात सर्टिफाइड नकलेसाठी अर्ज करा, आणि एक नाही, दोन-तीन नकला घ्या. पासपोर्टला लागते, बॅंकेत नाव बदलायला लागते, पुन्हा लग्न करायचं असेल तेव्हाही लागते. वाद होऊन मिळालेला घटस्फोट असेल तर अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका. राजीखुशीच्या डिक्रीवर अपील नसतं, तरी हॉल बुक करण्याआधी नक्कल हातात असू द्या.