मदत हवी आहे: गोंधळाच्या फोटोत फ्लॅशमुळे दिवटीचा उजेडच मरतो, कॅमेऱ्यातला फ्लॅश कमी कसा करायचा?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते म्हणजे नेमकं कुठं चुकतंय ते जाणकारांना कळेल.

माझ्याकडे निकॉनचा डी५३०० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, बस. वरून लावायचा वेगळा फ्लॅश नाही आणि आत्ता घेणं जमणारही नाही. गेल्या वैशाखात चुलत भावाचं लग्न झालं, त्यानंतर कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी गोंधळ घातला. चौरंगावर चौक भरलेला, भोवती पाच ऊस उभे बांधलेले, मधे कलश, आणि अंगणातला मोठा दिवा वडिलांनी मुद्दाम बंद केलेला, त्यामुळे उजेड म्हणजे दिवटी आणि पडवीतली एक ट्यूब एवढाच. आमच्याकडे येणारे गोंधळी मामा आता पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. दिवटीवर तेल घातलं की ज्वाळ भसकन वर यायची आणि त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू तांबूस उजळायची, सुरकुत्या न् सुरकुत्या दिसायची, मला तेवढंच पकडायचं होतं.

फोटोत आलं काय, तर चेहरा पांढराफटक, गळ्यातल्या कवड्यांच्या माळेच्या जागी नुसते चुन्याचे ठिपके, दिवटी शोधावी लागते, आणि मागे बसलेली सगळी मंडळी काळोखात गडप. १४० फोटोंपैकी ठेवण्यासारखे चार निघाले. खूप वाईट वाटलं हो, कारण ती रात्र परत येणार नाही.

मी डायल ऑटोवर ठेवला होता. फ्लॅश आपोआप उठायचा, मी बोटाने दाबून बसवला की पुढच्या फोटोला परत वर. मग डायलवर विजेवर काट मारलेलं चिन्ह आहे तिथं नेलं, तर दिवटी सुंदर आली पण संबळ वाजवणाऱ्याचे हातच दिसेनात, सगळं हललेलं. म्हणजे फ्लॅश अजिबात नको असंही नाही, थोडासा हवाय, दिवटीच्या खालोखाल.

आता सख्ख्या भावाचं लग्न आहे, गोंधळ अठरा दिवसांवर आलाय आणि तेच मामा येणार आहेत. फ्लॅश माझ्या सांगण्यावरून उठावा आणि मी म्हणेन तेवढाच पडावा, असं या कॅमेऱ्यात होतं का? होत असेल तर कुठलं बटण, कुठला मेनू, अगदी पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, आधी डायल ऑटोवरून काढून ए वर आणा, म्हणजे लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं आणि शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो. पी, एस, ए, एम या चारही मोडमधे फ्लॅश आपणहून उठत नाही, तुम्ही बाजूचं विजेच्या चिन्हाचं बटण दाबलं तरच उठतो. तुमची अर्धी कटकट इथंच संपेल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पुढचं मी सांगतो, जरा लांबेल.

मागची माणसं काळी का होतात ते आधी समजून घ्या. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो. मामा दीड मीटरवर आणि मंडळी तीन मीटरवर असतील तर मामांवर पडतो त्याच्या पाव हिश्शाने मंडळींवर पडणार, आणि कॅमेरा हिशोब मामांचा धरतो. या फ्लॅशची ताकद आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा) १०० ला साधारण १२ मीटर धरतात, तिला एफच्या आकड्याने (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा) भागायचं, म्हणजे एफ ४ ला ३ मीटर. आयएसओ ४०० केला की ते अंतर दुप्पट, १६०० ला चौपट. म्हणून आयएसओ वाढवलात की फ्लॅशला कमी राबावं लागतं आणि दिवटीचाही उजेड फोटोत जास्त येतो. गोंधळात हे फार कामाचं आहे.

आता बटणं. फ्लॅशचं बटण दाबून धरा आणि मागचं चाक फिरवा, स्क्रीनवर फ्लॅशचे प्रकार बदलताना दिसतील, त्यात स्लो लिहिलेला घ्या. एरवी ए मोडमधे फ्लॅश उठला की शटर १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं राहत नाही, म्हणून मागचं काही नोंदवलंच जात नाही. स्लो मधे शटर जास्त वेळ उघडं राहतं, दिवटी आणि ट्यूबचा उजेड आत येतो, आणि फ्लॅश फक्त क्षणभर पडून मामांना स्थिर करतो. मग फ्लॅशचं बटण आणि शटरजवळचं अधिक-उण्याचं बटण दोन्ही एकदम दाबून चाक फिरवा, हे फ्लॅश कमी-जास्त करायचं. उणे ३ पासून अधिक १ पर्यंत जातं. तुम्ही उणे दीडपासून सुरुवात करा.

लेन्सवर हूड (पुढे लावायचं कडं) असेल तर काढून ठेवा, नाहीतर फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल सावली येते. आणि अगदी जवळ जाऊ नका, ६० सेंटिमीटरच्या आत हा फ्लॅश नीट चालत नाही.

प्रतिसाद ३

एक राहिलं. दिवटीचा उजेड नारिंगी आणि फ्लॅशचा पांढरा, दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर आजारी दिसतो. स्टेशनरीच्या दुकानात पिवळा जिलेटीन कागद मिळतो, त्याचा एक पदर फ्लॅशवर चिकटपट्टीने लावा, लगेच फरक दिसेल. लागोपाठ फोटो काढत असाल तर मधे थांबा, कागद तापतो.

धागाकर्ती

खूप खूप आभार. काल रात्री परसात करून बघितलं. भावाला हातात काकडा पेटवून उभा केला, ए मोड, स्लो, उणे दीड, आयएसओ १६००. पहिल्यांदाच ज्वाळ ज्वाळेसारखी आली आणि भावाच्या कानामागचा तांबूस उजेडसुद्धा राहिला! दोन अडचणी मात्र आहेत. भाऊ काकडा चेहऱ्याजवळ नेतो तेव्हा फ्लॅश कमी होतो आणि लांब नेला की वाढतो, प्रत्येक फोटो वेगळा. आणि तीनातल्या एका फोटोत त्याचे डोळे मिटलेले.

प्रतिसाद २

दोन्हीचं कारण एकच. आत्ता कॅमेरा फोटोच्या आधी एक बारीक फ्लॅश टाकून, सगळं मोजून, मग खरा फ्लॅश टाकतो. ज्वाळ मधे आली की त्याचा अंदाज हलतो आणि पहिल्या चमकेने माणूस पापणी मिटतो. तुम्ही पेन्सिलच्या चिन्हाच्या मेनूत ई१ मधे जा, फ्लॅश कंट्रोल फॉर बिल्ट-इन फ्लॅश. तिथं टीटीएल (कॅमेऱ्याने स्वतः मोजून फ्लॅश टाकणं) असेल ते मॅन्युअल करा आणि ताकद १/३२ निवडा, त्याच्या खाली जात नाही. मॅन्युअलला ती आधीची चमक नसते. मग डायल एम वर (इथं सगळं तुम्हीच ठरवायचं), एफ ४, शटर १/३० सेकंद, आयएसओ १६००, ऑटो आयएसओ बंद. झूम २४ च्या आसपास ठेवा, पुढे नेलंत की ही लेन्स एफ ४ देत नाही. या हिशोबाने १/३२ ला फ्लॅशचा पूर्ण उजेड सव्वादोन मीटरपर्यंत, म्हणजे तीन मीटरवर उभं राहिलात की तो दिवटीच्या जरा खालीच राहील. तुम्हाला तेच हवंय. आता उजेड तुमच्या पायांनी बदलायचा, एक पाऊल पुढे, एक मागे.

आणि गोंधळ सुरू व्हायच्या आधी मामांना एकदा विचारून घ्या. हातात पेटती दिवटी घेऊन नाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर अंधारात अचानक चमक नको, ते बाजूला वळलेले असतानाच टिपा.

धागाकर्ती

दादा, जमलं! जिलेटीन लावल्यावर १/३२ कमी पडत होता म्हणून १/१६ केला, बाकी तुम्ही सांगितलं तेच. लागोपाठ वीस फोटो काढले, वीसही सारखे, आणि डोळे एकाच फोटोत मिटलेले, तेही धुराने. मामांना आज फोन केला. ते म्हणाले आरतीच्या वेळी नको, बाकी कधीही काढ, आणि मागच्या वेळचा एक तरी फोटो घरी लावायला दे म्हणाले. त्या चारातला सगळ्यात बरा आज प्रिंटला टाकलाय.