मदत हवी आहे: क्रॉस-कंट्री स्कीइंगला नेलेल्या मुलांची रांग एकत्र कशी ठेवावी?

नमस्कार,

१२ ते १६ वयोगटातील १४ मुलामुलींना एका दिवसाच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी नेण्याची जबाबदारी याही हंगामात माझ्याकडे आली आहे. बरोबर आणखी दोन मोठी माणसे असतील. आम्हा तिघांनाही स्कीइंग बऱ्यापैकी येते. पण स्वतःला येणे वेगळे आणि मुलांची रांग सांभाळणे वेगळे, हे मला गेल्या खेपेस चांगलेच कळले. तेव्हा काय घडले ते आधी लिहितो, म्हणजे जाणकारांना नेमके सांगता येईल.

मार्ग बहुतेक सपाट होता, बर्फात स्कीसाठी चर पाडलेले होते, तापमान उणे ८ अंश आणि वारा बेताचा. तरीही पहिल्या तासाभरातच रांग इतकी लांबली की पुढची मुले मागच्यांना दिसेनाशी झाली. पुढची मुले वळणावर थांबत आणि घामेजल्या अंगाने दहा-दहा मिनिटे उभी राहून गारठत. शेवटची दोन मुले धापा टाकत पोहोचली, की "आले सगळे, चला" म्हणून रांग लगेच हलत असे. म्हणजे विश्रांतीची ज्यांना सर्वाधिक गरज होती, त्यांना ती एकदाही मिळाली नाही. हे माझ्या वेळीच लक्षात यायला हवे होते.

तिसऱ्या थांब्यावर सर्वांत मागे असलेल्या मुलीला पाठपिशवीतून खाऊ काढायचा होता आणि बक्कल उघडेना. ती बक्कलावर अंगठा दाबी, तो घसरे, ती पुन्हा दाबी. विचारल्यावर "मी ठीक आहे" म्हणाली, पण शब्द जड येत होते. हातमोजे काढून पाहिले तर आतून ओलेचिंब. सकाळपासून पाच-सहा वेळा पडून, हातांवर जोर देऊन उठताना आत शिरलेला बर्फ वितळला होता. दोन बोटांची टोके पांढरट आणि बधिर झाली होती. कोरडे हातमोजे, वरून माझे जाकीट, गरम गोड पेय आणि हात तिच्याच काखेत, एवढ्यावर वीसेक मिनिटांत बोटांचा रंग परत आला. (एक मुलगा मदतीच्या भरात त्या बोटांना बर्फ चोळायला निघाला होता. त्याने कातडी आणखी दुखावते, तरी हा जुना समज काही जात नाही.) आम्ही तेथूनच परत फिरलो.

आता माझ्या शंका. हळू चालणाऱ्यांना पुढे ठेवले तर मोठी मुले कंटाळून आजूबाजूला पांगतात; यावर उपाय काय? उतारावर काय शिस्त ठेवावी? या स्की अरुंद असतात, त्यांना सहसा पोलादी कडा नसतात आणि टाच मोकळी असते, त्यामुळे नवख्या मुलांना वेग आवरत नाही. आणि सहल रद्द कधी करावी? आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांत शर्यतीसाठी उणे २० अंशांची मर्यादा आहे, पण ती तयारीच्या खेळाडूंसाठी. माझी मुले खेळाडू नव्हेत.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे मुलांना शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते.

थांब्याची वेळ शेवटचे मूल पोहोचल्यावर मोजायला सुरुवात करा, हा आमचा पहिला नियम आहे. दुसरा असा, की वेगवान मुलांनी उभे राहून वाट पाहायची नाही. त्यांनी मागे वळून शेवटच्या मुलापर्यंत जायचे आणि त्याच्यासोबत पुन्हा पुढे यायचे. त्यांची रग जिरते, अंग गरम राहते आणि रांगेचे शेपूट एकटे पडत नाही. मात्र एकदिशा मार्गावर उलटे जाणे धोक्याचे असते, तेथे हे करू नका. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे एकेक मोठे माणूस हवेच. तिसऱ्याने रांगेत खालीवर फिरत राहावे.

निघताना मुलांना किंचित थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांनी थांबून एक थर उतरवायला लावा आणि थांब्यावर पोहोचताच, खाऊच्याही आधी, जाकीट चढवायला लावा. सुती कपडा अंगालगत नको, कारण तो घाम धरून ठेवतो. प्रत्येकाकडे हातमोज्यांचा कोरडा जोड असावा. मुलांच्या जोड्या लावा आणि एकमेकांच्या नाका-गालांवर पांढरे डाग दिसतात का ते पाहायला सांगा. स्वतःचे नाक स्वतःला दिसत नाही. "ठीक आहेस का?" असे विचारण्याऐवजी अंगठा करंगळीला लावून दाखवायला सांगा. ते जमेना, अडखळणे सुरू झाले किंवा बोलणे जड झाले, तर हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायक उतरण्याची, सुरुवात धरून चाला. दम्याच्या मुलांचा इनहेलर पिशवीत न ठेवता आतल्या खिशात ठेवा. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तोंड मोकळे राहते.

उतारावर एका वेळी एकच मूल सोडा. खालचे मूल चरातून बाजूला होऊन हात वर करेपर्यंत दुसऱ्याने हलायचे नाही. काठीचे पट्टे मनगटातून काढायला लावा, नाहीतर पडताना अंगठा मुरगळतो. ज्याला स्कीची टोके जवळ आणून वेग आवरता येत नाही, त्याने स्की काढून चराबाहेरून चालत उतरावे. त्यात कमीपणा काही नाही.

तापमानाचा नुसता आकडा पाहू नका. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २०च्या आसपास जाणवते. मार्ग सपाट असला तरी वर ३० ते ४५ अंशांचा उतार आहे का ते नकाशावर पाहा, कारण बहुतेक हिमस्खलने अशाच उतारांवरून सुटतात आणि खालच्या सपाटीपर्यंत येतात. परत फिरण्याची वेळ सकाळीच सर्वांसमोर ठरवा. नॉर्वेमध्ये डोंगरात जाणाऱ्यांसाठी जे नियम सांगितले जातात, त्यांत परत फिरण्यात लाज नाही असे स्पष्टच म्हटले आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. एक शंका उरली. ती मुलगी यंदाही येणार आहे आणि आपल्यामुळे सगळे परतले, हे तिच्या मनाला लागले आहे. तिला पुढे ठेवले तर ती शिक्षा वाटणार नाही का?

प्रतिसाद १

"पुढे राहा" म्हणालात तर वाटेल. नकाशा आणि घड्याळ तिच्याकडे द्या, थांबे तिलाच ठरवू द्या. आणि पहिला थांबा तिने लवकर जाहीर केला, तर हसू नका. मागच्या एखाद्या मुलालाही तो तेव्हाच हवा असतो.