रक्तात कॅन्सरच्या पेशी शोधणारी तपासणी आईसाठी करावी का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आई ५८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मिरजेत डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. दुसरी स्टेज, काखेतल्या एका गाठीत पेशी सापडल्या होत्या. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह. केमो, रेडिएशन सगळं पार पडलं, आता रोज रात्री लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी. तब्येत चांगली आहे, शेजारच्या पोरांचा अभ्याससुद्धा घ्यायला लागली आहे.

गेल्या आठवड्यात मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एका तपासणीचं माहितीपत्रक पाठवलं. साधं रक्त द्यायचं, त्यात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मोजून मिळतात. आईने ते वाचलं आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, "माझ्या रक्तात अजून आहे का गं ते?" डॉक्टरांची तारीख दीड महिन्यानंतरची आहे. भाऊ म्हणतो, करून टाकू, पैशांचं मी बघतो. तिचा सीए १५-३ (रक्तातली कॅन्सरची खूण) नॉर्मल आहे, मग ही तपासणी त्याहून वेगळी कशी? कुणी केली असेल किंवा या क्षेत्रात काम करत असेल तर कृपया सांगा.

माणदेशी:
ताई, करून टाका. काही निघालं नाही तर आईचा जीव भांड्यात पडेल. निघालं तर लवकर कळेल. तोटा काय?

भिंगाखाली:
कृष्णाकाठ, मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. त्यातली बरीच वर्षं याच पेशी मोजण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

सीए १५-३ म्हणजे रक्तात विरघळलेलं प्रथिन. ही तपासणी अख्खी पेशी शोधते. आम्ही तिला सीटीसीच म्हणायचो (सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल्स, रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी). या पेशी असतात हे फार जुनं निरीक्षण आहे. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांनी कॅन्सरने दगावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी पाहिल्या होत्या. मोजण्याची खात्रीची पद्धत यायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. सेलसर्च नावाच्या यंत्रणेला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. आता आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या कंपन्याही या पेशींवर काम करतात.

सेलसर्चमध्ये साडेसात मिली रक्त तपासतात. तेवढ्या रक्तात तांबड्या पेशीच साडेतीन हजार कोटींच्या घरात, पांढऱ्या काही कोटी. त्यात कॅन्सरच्या असल्या तर एक, दोन, पाच. त्या पकडायला अतिसूक्ष्म लोहकण वापरतात. त्या कणांवर एपकॅम या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी बसवलेली असते. हे प्रथिन स्तनाच्या पेशीवर असतं, रक्तपेशीवर नसतं. चुंबक लावला की कण चिकटलेल्या पेशी एका बाजूला येतात. मग रंग द्यायचे. केराटिन, म्हणजे स्तनासारख्या अवयवांच्या पेशीतलं प्रथिन, दिसलं पाहिजे, केंद्रक दिसलं पाहिजे आणि सीडी४५ दिसता कामा नये, कारण ती पांढऱ्या पेशीची खूण. यंत्र फोटो काढून पुढ्यात ठेवतं, पण ही पेशी धरायची की सोडायची हे शेवटी माणूसच ठरवतो. दोन अनुभवी माणसांचं एखाद्या पेशीवरून दुमत होतं. सुई टोचताना त्वचेच्या पेशी आत येऊ शकतात, म्हणून पहिलं थोडं रक्त वेगळ्या नळीत काढायचं. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, खास नळीतच पाठवायचा आणि चार दिवसांच्या आत यंत्रावर लावायचा. हे सगळं पाळलं तरच त्या आकड्याला किंमत.

आता आकड्याचा अर्थ. २००४ मध्ये क्रिस्टोफानिली आणि सहकाऱ्यांनी १७७ बायकांचा अभ्यास छापला. या सगळ्यांचा आजार आधीच दुसरीकडे पसरलेला होता. ज्यांच्या साडेसात मिलीत पाच किंवा जास्त पेशी होत्या त्यांचं मध्य आयुर्मान दहा महिन्यांच्या आसपास, बाकीच्यांचं अठरा महिन्यांहून जास्त. (इथे असा आजार असलेल्या कुणी वाचत असतील तर, हे वीस वर्षांपूर्वीच्या औषधांच्या काळातले आकडे आहेत, स्वतःला लावून घेऊ नका.) म्हणजे पेशी जास्त तर आजार जोरात, हे पक्कं.

मग सगळ्यांना वाटलं, पेशी कमी होत नसतील तर केमो लगेच बदलू. अमेरिकेत एस०५०० नावाची चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये आले. पहिल्या केमोनंतर तीन आठवड्यांनीही ज्यांच्या पेशी जास्तच राहिल्या अशा १२३ बायका घेतल्या. निम्म्यांचं औषध तिथेच बदललं, निम्म्यांचं तेच ठेवलं. आयुष्य कुणाचंच वाढलं नाही. लॅबमध्ये तो निकाल वाचला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आम्ही मोजत होतो ते खरं होतं, पण त्यावरून त्या बाईसाठी वेगळं काही करता येत नव्हतं.

तुमच्या आईचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. तिला आज आजार नाही. जर्मनीत सक्सेस नावाच्या चाचणीत सुरुवातीच्या स्टेजच्या २०२६ बायकांचं रक्त केमोच्या आधी तपासलं. २१.५ टक्क्यांमध्ये किमान एक पेशी सापडली. त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त होतं हे खरं, पण त्यांच्यातही पहिल्या तीन वर्षांत बहुतेकींचा परतला नाही. २००४ मध्येच टेक्ससच्या एका गटाने स्तन काढून ७ ते २२ वर्षं झालेल्या, पूर्ण बऱ्या दिसणाऱ्या ३६ बायका तपासल्या. त्यातल्या १३ जणींच्या रक्तात अशा पेशी मिळाल्या. वर्षानुवर्षं पेशी आहेत आणि बाई ठणठणीत आहे.

म्हणून माणदेशी, तोटा आहे. समजा एक पेशी निघाली. डॉक्टर गोळी तीच ठेवणार, कारण त्या एका पेशीवरून औषध बदलून फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. आईच्या डोक्यात मात्र ती पेशी कायमची बसणार. आणि समजा शून्य आलं. काही कॅन्सरपेशी प्रवासात एपकॅम टाकून देतात, त्या चुंबकाला सापडतच नाहीत. शिवाय साडेसात मिली म्हणजे दोन चमचेही नाही. त्या शून्यावर जीव भांड्यात पाडून घेऊ नये. मी तुमच्या जागी असते तर ही तपासणी केली नसती.

डोंबिवलीकर:
माझा आजार हाडांत आहे, चौथी स्टेज. हार्मोनच्या गोळीचा परिणाम कमी झाल्यावर माझ्या डॉक्टरांनी रक्तातून ईएसआर१ जनुकातला बदल शोधणारी टेस्ट करून घेतली. ती पेशींची नव्हती, गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएची होती. तिचा पुढचं औषध ठरवायला खरंच उपयोग होतो. एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली ती हाच बदल असलेल्यांसाठी. त्यामुळे रक्ताच्या सगळ्याच तपासण्या एका मापाने मोजू नका. कुणासाठी आणि कधी, ते बघा.

भिंगाखाली:
अगदी बरोबर. टेस्ट सांगणाऱ्याला आधी विचारायचं, उत्तर हो आलं तर काय बदलणार आणि नाही आलं तर काय बदलणार.

कृष्णाकाठ:
ताई, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिने अजून एक विचारलं. ऑपरेशनच्या वेळी कापाकापीत पेशी रक्तात सांडल्या असतील का? मिरजेत तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईने तसं सांगितलं होतं.

भिंगाखाली:
आईंना सांगा, ही शंका मोठमोठ्या डॉक्टरांनाही आली आणि त्यांनी तिचा शोध घेतला. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी बघा. ऑपरेशनच्या वेळी पेशी पसरू नयेत म्हणून गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती साधं लिग्नोकेन टोचलं, दात काढताना देतात ते भुलीचं औषध. जवळपास सोळाशे बायका होत्या. पाच वर्षांनी लिग्नोकेन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४. इतक्या स्वस्त औषधाने एवढा फरक, मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण दुसरा आकडाही त्यांना नीट दाखवा. इंजेक्शनशिवाय नेहमीसारखं ऑपरेशन झालेल्यांतल्याही शंभरातल्या शहाऐंशी जणी पाच वर्षांनी हयात होत्या. ऑपरेशनने त्यांचं भलंच झालं. आणि वाटेत सुटलेल्या पेशींसाठीच तर केमो आणि गोळी असते. रक्तात सुटलेल्या बहुतेक पेशी काही तासांतच मरतात.

भावाला पैसे खर्च करायचेच असतील तर लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झाली आहे का विचारा. मॅमोग्राफी वर्षातून एकदा. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, सांधे दुखले तरी परस्पर बंद करायची नाही. न थांबणारी हाडदुखी, दम लागणं, नवी गाठ, यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता जायचं.

कृष्णाकाठ:
डेक्सा कुणी सांगितलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात सांगलीत करून घेते. उपाशीपोटी जावं लागतं का?

भिंगाखाली:
नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तेवढी आदल्या दिवसापासून थांबवा.