भूकंपाची आगाऊ सूचना: आधी माणसाला की थेट यंत्राला?

लोलक
भाकिताबद्दल बोलत नाहीये, ते कुणालाच जमत नाही. भूकंप सुरू झाल्यावर हाताशी उरणाऱ्या सेकंदांचं बोलतोय. आधी पोचणाऱ्या सौम्य पी लहरी सेकंदाला साधारण 6 किमी धावतात, मोडतोड करणाऱ्या एस लहरी साडेतीनच. केंद्राजवळच्या सेन्सरने पी पकडली, की 100 किमीवरच्या कारखान्याला वीसेक सेकंद मिळतात. ती सूचना मॅनेजरच्या फोनवर पाठवून काय उपयोग? तो ‘काय झालं रे?’ विचारेपर्यंत खेळ खलास. लिफ्ट, गॅसचे व्हॉल्व्ह, क्रेन यांना थेट जोडा.

पायाखडी
आणि भूकंप 20 किमीवर झाला तर? सूचना निघेपर्यंत हादरा दारात. मेक्सिकोची यंत्रणा 1991 पासून आहे, पण 19 सप्टेंबर 2017 चा भूकंप जवळचा निघाला आणि मेक्सिको सिटीत भोंगा व हादरा जवळपास एकदमच आले. तोच पैसा आधी खांब-तुळयांवर घाला.

लोलक
खांब मजबूत झाले तरी लिफ्टमध्ये अडकलेला माणूस अडकलेलाच राहतो. जपानमधल्या 2011 च्या तोहोकू भूकंपात एकही प्रवासी शिन्कान्सेन (तिकडची बुलेट ट्रेन) रुळावरून घसरली नाही. किनाऱ्यावरच्या सेन्सरनी वीज तोडली, ब्रेक लागले.

पायाखडी
सोयीचं तेवढंच सांगू नका. 2004 मध्ये जपानमध्येच नीगाताला भूकंपाचं केंद्र जवळ होतं, ब्रेक लागूनही गाडी घसरलीच. (कुणी दगावलं नाही, हे नशीब.) त्यानंतर पुलांच्या खांबांचं मजबुतीकरण वेगाने झालं. 2011 चं सगळं श्रेय सेन्सरला कसं देता?

रात्रपाळी
ओतकामाच्या कारखान्यात आयुष्य गेलंय, म्हणून मधे बोलतो. 8 ऑगस्ट 2013 ला जपानमध्ये नारा-वाकायामा भागात मोठ्या भूकंपाचा इशारा गेला, गाड्या थांबल्या, आणि जमीन ढिम्म. समुद्रतळावरच्या सेन्सरमधल्या गोंगाटाने घोळ घातला होता. गाडी थोड्या वेळाने पुन्हा निघते हो. आमचं तसं नाही. ओतणं अर्ध्यात थांबलं की साच्याच्या वाटेतच धातू गोठतो, अख्खं कास्टिंग भंगारात. शेवटचं बटण शिफ्ट इनचार्जच्याच हातात हवं.

लोलक
सगळं एका बटणावर टाकताय, तिथेच गोची आहे. लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडते. इशारा खोटा ठरला तर लोकांची दोन मिनिटं जातात, बस. तिला किरकोळ इशाराही चालेल. ओतण्याच्या लाइनला मात्र जोराच्या हादऱ्याचा अंदाज आला तरच हात लावायचा. आणि लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, वर टांगलेलं असताना इनचार्ज वीस सेकंदांत विचार करून बटण दाबेल? तो आधी स्वतः पळेल, आणि पळावंच त्याने.

रात्रपाळी
पळण्याचं पटलं. क्रेन जोडा, पण भरलेलं लॅडल घेऊन ती झटक्यात थांबवू नका, धातू उसळून खालच्याच्या अंगावर येईल. वेग हळूहळू कमी व्हायला हवा, आणि त्यात किती सेकंद जातात ते तुमच्या वीसमधून आधी वजा करा. शिवाय खोट्या इशाऱ्याने वाया गेलेल्या मालाचा भुर्दंड कुणी भरायचा, हे यंत्रणा विकणाऱ्याने करारात लिहून द्यावं. तोवर ओतण्याच्या लाइनला वायर लावू देणार नाही.